वाचकांचे प्रश्न : जुन्या बेलरचे सुटे भाग

गहू निघण्याचे दिवस जवळ आले की काडाचे आणि पेंढ्याचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रांविषयीची पत्रे वाढू लागतात. नाशिक जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या अशा पत्रांपैकी जुन्या बेलरच्या सुट्या भागांविषयीची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही तिघा भावांनी मिळून पंजाबातील एका व्यापाऱ्याकडून चौकोनी गठ्ठे बांधणारा जुना बेलर विकत घेतला. यंत्र युरोपातले आहे एवढेच कळते, कारण त्यावरची पाटी निघून गेली आहे आणि रंगही नवा मारलेला आहे. एका नॉटरची (सुतळीला गाठ मारणाऱ्या यंत्रणेची) चोच झिजल्यामुळे दर काही गठ्ठ्यांमागे एक गठ्ठा सुटतो, आणि जमिनीवरचे काड उचलणाऱ्या पिकअपच्या बाजूच्या दोन बेअरिंगचा आवाज येतो. नाशिकमधील विक्रेत्याने मॉडेल बंद झाले आहे, भाग मिळणार नाहीत, असे सांगून आम्हाला परत पाठवले. आता काय करावे? — एक वाचक, ता. निफाड

उत्तर : मॉडेल बंद होणे आणि भाग न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बेलर बनवणारी कोणतीही कंपनी यंत्रातला प्रत्येक भाग स्वतः घडवत नाही. बेअरिंग, साखळ्या, ऑइल सील, व्ही-बेल्ट, नटबोल्ट, पीटीओ शाफ्टचे (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणाऱ्या दांड्याचे) क्रॉस हे सारे ती बाजारातून ठरावीक मापाचे घेते, आणि ती मापे यंत्र बंद पडून कितीही वर्षे लोटली तरी तशीच राहतात. त्यामुळे आपल्या दोन बेअरिंगसाठी बेलरच्या विक्रेत्याकडे जाण्याचे कारणच नव्हते. दुकानात 'अमुक बेलरचे बेअरिंग द्या' असे म्हटले की मान हलते, आणि '६२०६ द्या' म्हटले की माणूस फळीकडे वळतो.

बेअरिंग काढल्यावर त्याच्या कड्यावरचा आकडा रॉकेलने धुऊन भिंगाखाली वाचावा. ६२०६ या आकड्याचा अर्थ जगभर एकच आहे : भोक ३० मिमी, बाहेरचा व्यास ६२ मिमी, रुंदी १६ मिमी. आकडा पुसला गेला असेल तर ही तीन मापे व्हर्निअरने घेतली की दुकानदार स्वतः आकडा सांगतो. आकड्याच्या पुढची अक्षरे मात्र सोडू नयेत. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले बेअरिंग आणि पत्र्याचे झाकण असलेले बेअरिंग यांत मापाचा फरक नसला, तरी काडाच्या धुळीत पत्र्याचे झाकण फार काळ टिकत नाही. आणखी एक गोष्ट अशी की शेतीयंत्रांत काही ठिकाणी षटकोनी किंवा चौकोनी भोकाचे, तर काही ठिकाणी इंचाच्या भोकाचे बेअरिंग असते. हाउसिंगमध्ये बसणाऱ्या यूसी मालिकेत यूसी २०६ चे भोक ३० मिमी असते. पण यूसी २०६-२० असे लिहिले असेल तर भोक वीस सोळांश इंच, म्हणजे सव्वा इंच, अर्थात ३१.७५ मिमी असते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. अर्ध्या सुताच्या फरकाकडे दुर्लक्ष करून शाफ्टला पॉलिश पेपर मारणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाती हे काम देऊ नये.

साखळीचेही असेच आहे. युरोपीय मापाची ०८बी साखळी आणि अमेरिकी मापाची ४० नंबरची साखळी या दोहोंची पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असते. पण पहिलीचा रोलर ८.५१ मिमी जाडीचा आणि दुसरीचा ७.९२ मिमी जाडीचा असतो. एकीच्या जागी दुसरी चढते, चालतेही, आणि काही दिवसांत चक्राचे दात खाऊन टाकते. आपले यंत्र युरोपातले असल्यामुळे बी मालिकेचीच साखळी मागावी. व्ही-बेल्टच्या पाठीवर बी ६८ असे काही लिहिलेले असते, त्यातले अक्षर जाडीचे असते (ए म्हणजे १३, बी म्हणजे १७, सी म्हणजे २२ मिमी रुंद माथा) आणि आकडा आतल्या लांबीचे इंच सांगतो. ऑइल सीलवर ३५-५२-७ असे तीन आकडे असतात, ते शाफ्ट, बाहेरचा व्यास आणि रुंदी यांचे. हे सर्व सामान द्वारका परिसरातील ऑटो स्पेअरच्या दुकानांत किंवा सातपूर, अंबडच्या औद्योगिक वसाहतींना माल पुरवणाऱ्या बेअरिंगच्या दुकानांत मिळावे.

आता खरा प्रश्न नॉटरचा, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. सुतळीला आपोआप गाठ मारणारी यंत्रणा अमेरिकेत जॉन ॲपलबी यांनी १८७८ च्या सुमारास धान्य कापून पेंढ्या बांधणाऱ्या यंत्रासाठी सिद्ध केली. पुढे डीअरिंग आणि मॅककॉर्मिक या दोन कारखानदारांच्या नावाने नॉटरची दोन घराणी रूढ झाली, आणि जर्मनीत क्लास कंपनीने १९२१ साली आपल्या सुधारित नॉटरचे पेटंट घेतले. हे सांगण्याचे कारण असे की आजही चौकोनी बेलरवरचा जवळजवळ प्रत्येक नॉटर या घराण्यांपैकी एकाचा असतो, आणि अनेक बेलर कंपन्या नॉटर स्वतः न बनवता जर्मनीतल्या रास्पे यांच्यासारख्या केवळ नॉटर बनवणाऱ्या कारखान्याकडून घेत आल्या आहेत. म्हणून आपल्या बेलरचे नाव कळले नाही तरी नॉटरचे नाव कळू शकते. नॉटरची बिडाची चौकट तारेच्या ब्रशने स्वच्छ करावी. तिच्यावर ओतीव अक्षरांत कारखान्याचे चिन्ह आणि क्रमांक बहुधा सापडतो. ते सापडले, तर चोच, सुतळी पकडणारी चकती, तिच्यावर सुतळी दाबून धरणारा होल्डर, चाकू आणि गाठ ओढून काढणारा हात हे पाचही भाग त्या नॉटरच्या नावाने मागवता येतात, मग बेलर कोणाचाही असो.

एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. ओतीव भागावर उठलेला क्रमांक हा साच्याचा क्रमांक असतो. कंपनीच्या यादीतला भागाचा क्रमांक त्याच्याशी जुळेलच असे नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन तुकड्यांना वेगवेगळी भोके पाडून दोन वेगळे भाग केलेले असू शकतात. त्यामुळे विक्रेत्याला क्रमांक कळवताना तो ओतीव आहे की कोरलेला आहे हे सांगावे, आणि भागाचे छायाचित्र मोजपट्टीसह, समोरून आणि बाजूने, सोबत पाठवावे.

यंत्राची पाटी गेली असली तरी क्रमांक गेलेला नसतो. बऱ्याच कंपन्या पाटीखेरीज चौकटीच्या लोखंडावरही क्रमांक ठोकतात. जिथे जू जोडले जाते तो भाग आणि गठ्ठ्याच्या चेंबरची पुढची बाजू येथला रंग खरवडून पाहावे. नाव लागले आणि ती कंपनी आज अस्तित्वात नाही असे आढळले, तरी निराश होण्याचे कारण नाही. शेतीयंत्रांच्या कंपन्या एकमेकींत विलीन होत गेल्या आहेत, आणि जुन्या यंत्रांच्या याद्या नव्या मालकाकडे गेल्या आहेत. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेतीयंत्रांचा व्यवसाय १९८५ मध्ये केसकडे गेला, केस आणि न्यू हॉलंड १९९९ मध्ये एक झाल्या. जर्मनीची वेल्गर २००९ मध्ये लेलीकडे आणि तेथून २०१७ मध्ये ॲग्कोकडे गेली. जुना भागक्रमांक या प्रवासात बदलतो, पण विक्रेत्याच्या संगणकात जुना क्रमांक घातला की त्याच्या जागी आलेला नवा क्रमांक दिसण्याची सोय असते. 'मिळणार नाही' हे उत्तर बहुतेक वेळा क्रमांक न घालता दिलेले असते. आपण क्रमांक कागदावर लिहून द्यावा आणि तो घालून पाहण्याची विनंती करावी.

चोच झिजली आहे हे आपण कशावरून ठरवले, ते पत्रात लिहिलेले नाही. नवी चोच मागवण्याआधी सुटलेल्या गठ्ठ्याची सुतळी हातात घेऊन पाहावी. गाठीत सुतळीचे एकच टोक अडकलेले असेल, तर दुसरे टोक चकतीतून निसटले आहे आणि दोष बहुधा होल्डरच्या स्प्रिंगच्या ताणाचा आहे. टोके तुटल्यासारखी, पिंजलेली असतील तर चाकू बोथट आहे. गाठ पूर्ण बसली आहे पण चोचीवरच अडकून राहते आणि सुतळी तुटते, असे असेल तर गाठ ओढणारा हात चोचीला घासून जात नसावा, किंवा चोचीच्या जिभेवरची स्प्रिंग फार आवळली असावी. चोचीवर सुतळीने खाच पाडलेली असेल आणि तिथे नख अडकत असेल, तरच ती बदलावी. या सर्व भागांत चोच सर्वांत महाग आणि स्प्रिंग सर्वांत स्वस्त असते. तपासणीचा क्रम त्यावरूनच ठरवावा. नॉटर हाताने फिरवून पाहताना ट्रॅक्टर बंद, चावी खिशात आणि पीटीओ शाफ्ट काढलेला असावा, कारण फ्लायव्हील थोडे हलले तरी नॉटरपर्यंत सुतळी नेणाऱ्या सुया वर येतात.

प्रश्न : आमच्या गावापासून अंबड औद्योगिक वसाहत जवळ आहे. मूळ भाग मागवण्यापेक्षा तेथील वर्कशॉपमधून भाग करून घेणे स्वस्त पडेल का? — एक वाचक, ता. नाशिक

उत्तर : काही भागांच्या बाबतीत निश्चित, आणि काहींच्या बाबतीत मुळीच नाही. नाशिकच्या शेतकऱ्याला या बाबतीत एक सोय आहे, जी अनेक जिल्ह्यांत नाही. वाहने, इंजिनांचे भाग आणि ओझरच्या विमान कारखान्याचे काम यांच्या आधाराने अंबड, सातपूर आणि सिन्नर भागांत लहान-मोठी वर्कशॉप उभी राहिली, आणि शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने काम करण्याची त्यांतील अनेकांना सवय आहे. मालेगावातही यंत्रमागांच्या दुरुस्तीवर हात बसलेले टर्नर मिळतात.

शाफ्ट, पिना, बुश, स्पेसर, साखळीची चक्रे, चेंबरमध्ये काड दाबणाऱ्या प्लंजरखालच्या घसरपट्ट्या हे सर्व येथे उत्तम होते. अडचण अशी येते की आपण नमुना म्हणून झिजलेला भाग देतो आणि कारागीर इमानेइतबारे झिजलेल्या मापाचाच नवा भाग करून देतो. म्हणून माप घेताना जेथे काही घासत नाही अशी जागा शोधावी. शाफ्टचे माप सीलच्या बाहेरच्या तुकड्यावर, बुशचे माप ज्या भोकात ते ठोकलेले असते त्या भोकावर आणि चक्राचे माप दातांवरून नव्हे तर साखळीच्या पिचवरून व दातांच्या संख्येवरून काढावे. बेअरिंग शाफ्टवर किती घट्ट बसावे हेही सांगावे लागते. ४० मिमी शाफ्टसाठी 'के ६' असे लिहिले की वर्कशॉपला कळते : शाफ्ट ४० मिमीपेक्षा २ ते १८ मायक्रॉन मोठा हवा. असे न सांगितल्यास कोणी हातोड्याने ठोकावे लागेल इतका जाड करतो, तर कोणी बेअरिंगचे आतले कडे शाफ्टवर फिरू लागेल इतका बारीक.

पोलादही आपणच सांगावे. साध्या शाफ्टला ईएन ८ पुरते. ज्यावर झटके बसतात त्या शाफ्टला आणि पिनांना ईएन २४ घ्यावे. केवळ 'चांगले लोखंड वापरा' असे सांगितल्यास एमएसचा (साध्या नरम पोलादाचा) बार लागतो आणि भाग आठवड्यात वाकतो. गिअरसारख्या भागाला २० एमएनसीआर ५ सारखे, बाहेरून कडक आणि आतून चिवट होणारे पोलाद लागते आणि त्यावर हीट ट्रीटमेंट करावी लागते. ती करणारे वेगळे कारखाने याच वसाहतींत आहेत. वर्कशॉपवाले आपला भाग तेथे पाठवतात, फक्त त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा लागतो.

नॉटरची चोच आणि सुतळीची चकती मात्र करून घेण्याच्या फंदात पडू नये. चोचीचा आकार तिन्ही दिशांना वळलेला असतो, तिच्यावरून सुतळी काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे, आणि एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की गाठ बसत नाही. एक चोच करण्याचा खर्च मूळ चोचीपेक्षा जास्त येतो, आणि ती चालेलच याची हमी कोणी घेत नाही. सुईच्या बाबतीत मधला मार्ग निघतो. जुन्या यंत्रांच्या सुया ओतीव असतात, आणि तुटल्यावर निकेलच्या इलेक्ट्रोडने त्या जोडणारे वेल्डर नाशकात आहेत. पण जोडताना सुई किंचित वाकते आणि नॉटरच्या चकतीत नेमकी सुतळी ठेवण्याऐवजी ती चकतीलाच धडकते. म्हणून दुसऱ्या, न तुटलेल्या सुईवरून लाकडी फळीवर आकार काढून ठेवावा आणि जोडलेली सुई त्या आकारावर ठेवून तपासावी. एवढे केल्यानंतरही जोडलेल्या सुईवर हंगाम काढण्याचा बेत करू नये; नवी येईपर्यंतची ती सोय आहे.

नटबोल्टविषयी दोन ओळी. युरोपातील यंत्रांवर बहुधा मेट्रिक आटे असतात, अमेरिकी जुन्या यंत्रांवर यूएनसी. अर्धा इंची यूएनसी बोल्टला इंचात १३ आटे, त्याच जाडीच्या व्हिटवर्थला, म्हणजे जुन्या ब्रिटिश आट्यांच्या बोल्टला, १२. आपल्याकडे दुकानात अजूनही व्हिटवर्थचा नट हाती पडतो. तो दोन-तीन फेरे सहज बसतो, नंतर जड होतो, आणि पाना लावला की बिडातले आटे निघतात. नट हाताने शेवटपर्यंत फिरत नसेल तर पाना लावू नये.

प्रश्न : आमच्या बेलरचा फ्लायव्हीलवरचा शिअर बोल्ट दिवसातून अनेकदा तुटतो. मूळ बोल्ट मिळत नाही म्हणून मिस्त्रीने हाय टेन्साइल बोल्ट घातला. आता तुटत नाही. हे योग्य आहे का? — एक वाचक, ता. सिन्नर

उत्तर : तो बोल्ट आजच काढावा. शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. प्लंजरपुढे दगड, लाकडाचा ओंडका किंवा ओल्या काडाचा गोळा आला की फ्लायव्हीलची सगळी ताकद कोठे तरी जाणार. ती बोल्टवर गेली तर काही रुपयांचे नुकसान होते, आणि बोल्ट तुटला नाही तर गिअरबॉक्सचे दात, प्लंजरचा कनेक्टिंग रॉड किंवा सुया जातात, म्हणजे नेमके ते भाग जे आपल्याला मिळत नाहीत.

बोल्टची जाडी आणि ग्रेड या दोन्ही गोष्टी यंत्रानुसार ठरलेल्या असतात. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. अमेरिकी बोल्टच्या डोक्यावर तीन रेघा असतील तर ग्रेड ५ आणि सहा असतील तर ग्रेड ८. तुटलेल्या मूळ बोल्टचे डोके सापडले तर तेच सर्वांत खात्रीचे मार्गदर्शन. ते नसेल तर त्याच कंपनीच्या जवळच्या मॉडेलचे माहितीपुस्तक पाहावे, आणि शंका असेल तर कमी ताकदीचा बोल्ट घालून काम सुरू करावे.

मूळ बोल्ट वारंवार का तुटत होता, हा खरा प्रश्न मिस्त्रीने विचारलाच नाही. बहुतेक वेळा कारण प्लंजरच्या चाकूत असते. प्लंजरवरचा फिरता चाकू आणि चेंबरवरचा स्थिर चाकू यांच्यातली फट छोट्या चौकोनी बेलरांत सहसा एक मिलिमीटरपेक्षा कमी ठेवायची असते. प्लंजरखालच्या घसरपट्ट्या किंवा त्याची बेअरिंग झिजली की प्लंजर खाली बसतो, फट वाढते, काड कापले जाण्याऐवजी चेपले जाऊन मध्ये अडकते, आणि प्रत्येक ठोक्याला बोल्टवर ताण येतो. चाकूंना धार लावून, पट्ट्या बदलून फट नीट करावी. या पट्ट्या आणि चाकू दोन्ही स्थानिक वर्कशॉपमध्ये होतात. बोल्ट ज्या भोकांतून जातो ती भोके लांबट झाली असतील तर बोल्ट कापला न जाता वाकत वाकत तुटतो. तेथे बुश घालून घ्यावेत.

सुयांसाठी या यंत्रांत आणखी एक संरक्षण असते. सुया चेंबरमध्ये असताना प्लंजर पुढे आला तर त्याला अडवणारा खटका. तो गंजून जाम झालेला जुन्या यंत्रांत हमखास आढळतो. तेल घालून तो मोकळा हलतो की नाही, हे आपणही पाहावे.

प्रश्न : आम्ही भाताचा पेंढा बांधतो. पिकअपचे दात फार लवकर तुटतात, आणि प्लॅस्टिकच्या सुतळीची गाठ सुटते. दात कोठे मिळतील? — एक वाचक, ता. इगतपुरी

उत्तर : भाताच्या पेंढ्यात सिलिकाचे प्रमाण गव्हाच्या काडापेक्षा जास्त असते, त्यामुळे दात आणि चाकू लवकर झिजणे स्वाभाविक आहे, पण दात झिजण्याऐवजी तुटत असतील तर पिकअप फार खाली लावलेला असावा आणि दात बांधावर किंवा ढेकळांवर आपटत असावेत. भातखाचरांत चाक बांधावर चढले की पिकअपचे एक टोक जमिनीत जाते. पिकअपची उंची वाढवून पाहावी.

दात म्हणजे स्प्रिंग पोलादाची वळवलेली तार. मूळ भाग न मिळाल्यास तारेची जाडी, वेटोळ्याचा आतला व्यास, वेटोळ्यांची संख्या, दोन्ही पायांची लांबी आणि बोल्टच्या भोकांतले अंतर एवढी मापे घेऊन स्प्रिंग बनवणाऱ्याकडून ते करून घेता येतात. वळण डावे की उजवे हे विसरू नये, कारण उलट वळणाच्या दाताचे वेटोळे भार आल्यावर आवळण्याऐवजी उघडते आणि तो अधिकच लवकर तुटतो. पंजाब-हरियाणात भाताच्या पेंढ्यासाठी बेलर मोठ्या प्रमाणावर चालतात, त्यामुळे लुधियानासारख्या शेतीयंत्रांच्या बाजारपेठेत चालू मॉडेलांचे दात सहज मिळतात. आपल्या दाताची मापे त्यांच्याशी जुळतात का, हे आधी विचारावे. आपल्याकडे न्यू हॉलंडच्या बीसी ५०६० सारखी यंत्रे बरीच विकली गेली असल्याने तिच्या भागांशी ताडून पाहणे हा सोपा आरंभ आहे.

सुतळीविषयी : जुने नॉटर सिसलच्या (घायपाताच्या तंतूंच्या) खरखरीत सुतळीसाठी जुळवलेले असतात. पॉलिप्रॉपिलीनची सुतळी बारीक आणि गुळगुळीत असते, ती होल्डरमधून निसटते. होल्डरचा ताण थोडा वाढवावा आणि सुतळी फार स्वस्तातली, जागोजाग जाडी बदलणारी घेऊ नये.

प्रश्न : भागांसाठी म्हणून त्याच मॉडेलचे दुसरे जुने यंत्र भंगारात घेऊन ठेवावे का? — एक वाचक, ता. येवला

उत्तर : त्यात मिळणारे भाग आपल्याला खरोखर लागणारे असतील तर अवश्य. बेअरिंग आणि साखळ्यांसाठी भंगारातले यंत्र घेण्यात अर्थ नाही. त्या नव्या मिळतात. जावे ते गिअरबॉक्स, फ्लायव्हील, सुया, सुयांची चौकट आणि अखंड नॉटर यांच्यासाठी. म्हणून सौदा करण्याआधी गिअरबॉक्सचे झाकण उघडून दात पाहावेत, तेलात पाणी गेले आहे का ते पाहावे, आणि नॉटर पूर्ण फेरा फिरतात का हे हाताने फिरवून बघावे. मॉडेलचे नाव एक असूनही वर्षानुसार नॉटर बदललेले असू शकतात. दोन्ही यंत्रांचे नॉटर शेजारी ठेवून चकतीवरच्या खाचांची संख्या आणि गिअरचे दात मोजावेत. तसेच यंत्र उघड्यावर पावसात उभे असेल तर प्लंजरच्या चेंबरचा पत्रा खालून कुजलेला असतो, पण भागांसाठीच घेणाऱ्याला त्याचे दुःख नाही. उलट त्या कारणावरून किंमत कमी करून मागावी.

प्रश्न : भाग परदेशातून थेट मागवता येतो का? त्यासाठी आयात परवाना लागतो का? — एक वाचक, ता. दिंडोरी

उत्तर : भाग कुरिअरने थेट मागवता येतो, पण स्वतःच्या वापराच्या मालाला आयात-निर्यात क्रमांकातून असलेली सूट शेतीशी संबंधित मालाला लागू नाही, म्हणून तो क्रमांक आधी काढून घ्यावा. कुरिअर कंपनी ओळखपत्राची प्रत मागते आणि सीमाशुल्क भरून घेऊन भाग घरपोच देते. परदेशी विक्रेत्याला बिलावर 'शेतीयंत्राचा भाग' असे मोघम न लिहिता भागाचे नाव, बेलरचे नाव आणि सीमाशुल्काचे वर्गीकरण लिहायला सांगावे. काड आणि चारा बांधणारे बेलर ८४३३ या शीर्षकाखाली ८४३३४० मध्ये आणि त्यांचे भाग ८४३३९० मध्ये येतात. वर्गीकरण चुकले तर शुल्क वेगळे लागते आणि पार्सल अडकते ते वेगळेच. नॉटरचे भाग हलके असल्याने कुरिअरने परवडतात. सुई किंवा गिअर मागवताना मात्र वाहतुकीचा खर्च भागाच्या किमतीइतका होऊ शकतो, म्हणून आधी वजन विचारून घ्यावे. आपल्या भागात गव्हाची काढणी मार्च-एप्रिलमध्ये होते आणि त्या वेळी कोणाकडेच थांबायला वेळ नसतो. दिवाळीनंतर नॉटर उघडून पाहिले आणि मागणी तेव्हाच नोंदवली, तर जुळत नसलेला भाग परत करून दुसरा मागवण्यासही अवधी मिळतो.